सोऱ्या, पोळपाट आणि विमान

दिवाळी अंकातल्या या पानावर मी शब्दांविषयी काहीतरी खुसखुशीत लिहावे, असा संपादकांचा आणि माझा जुना अलिखित करार आहे. या वर्षी तो मी मोडतो आहे. यंदाचा विषय विमानाच्या पोटातले तेलाचे पंप. वाचकांनी दचकू नये. मी मराठीचा प्राध्यापक. सायकलची चेन पडली तर आजही मी प्रथम इकडेतिकडे बघतो आणि मग ती चढवणारा कोणी भेटेपर्यंत सायकल हातात धरून चालू लागतो. तेव्हा जे मला समजले ते कोणालाही समजेल, एवढी हमी देऊन आरंभ करतो.

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर नागपूरहून फोन आला की मावशी न्हाणीघरात घसरली, खुब्याचे हाड मोडले, दोन दिवसांनी शस्त्रक्रिया आहे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. मावशी तिच्याहून दोन वर्षांनी धाकटी. रेल्वेचे आरक्षण मिळेना, म्हणून मी विमानाची दोन तिकिटे काढली. आई त्यापूर्वी कधी विमानात बसली नव्हती. पण बहिणीच्या काळजीत तिला त्याचे अप्रूप वाटायलाही सवड नव्हती. खिडकीजवळ बसली, पट्टा बांधून घेतला आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटू लागली.

दारे लागली. विमान मागे सरकू लागले. आणि आमच्या पायांखालून आवाज आला. ख्रँव्... ख्रँव्... ख्रँव्. थांबला. पुन्हा ख्रँव्.

आईने माझे मनगट धरले. "अरे, खाली कुत्रं अडकलंय."

"नाही गं. सामान सरकवताहेत."

"दारं लावून?"

"म्हणजे... आधी चढवलेलं नीट लावताहेत."

आईने माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "तुला ठाऊक नसलं की तू लगेच उत्तर देतोस. लहानपणापासून."

हे वाक्य चाळिशी उलटलेल्या, वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला मधल्या आसनावर अडकून ऐकावे लागले. आई पट्टा सोडून उठायला निघाली. तिला उतरायचे होते. हवाईसुंदरीने येऊन "ते नॉर्मल आहे, आजी" असे गोड आवाजात सांगितले. 'नॉर्मल' हा शब्द डॉक्टरांनी वापरला तरी घरातल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो. सव्वा-दीड तासाच्या त्या प्रवासात आईने माझे मनगट सोडले नाही, पाण्याचा घोट घेतला नाही. नागपूरला चाके टेकली, विमान रांगत निघाले आणि पुन्हा तो आवाज सुरू झाला; या वेळी अधिक वेळ. आईने डोळे उघडले. "बघ," ती म्हणाली, "अजून जिवंत आहे."

मावशीची शस्त्रक्रिया नीट पार पडली. आई तीन आठवडे राहिली आणि परत आली ती रेल्वेने. "पुन्हा त्यात बसणार नाही," एवढेच म्हणाली. आता मावशी नागपुरात, आई मुंबईत, दोघींची वये ही अशी, आणि रात्रभराचा रेल्वेप्रवास आईच्या गुडघ्यांना परवडेनासा झालेला. तिच्या त्या एका वाक्याचा अर्थ काय होतो, तो मला कळत होता. तिलाही कळत असावा.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. बारावीला मराठीत मी त्याला काठावर पास केले होते. 'निबंधात कल्पनाशक्तीचा अभाव' असा शेराही दिल्याचे तो मला दर दिवाळीला आठवण करून देतो. आज तो विमानांच्या देखभालीचा इंजिनियर आहे. गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो फराळाला म्हणून आला तेव्हा आई स्वयंपाकघरात चकल्या पाडत होती. त्याने वाकून नमस्कार केला तर तिने आशीर्वादाच्या जागी प्रश्न टाकला : "तुमच्या विमानात कुत्रं का भुंकतं रे?"

तो हसला नाही. याचे मला आजही कौतुक वाटते. "एअरबस होतं का, आजी? तीनशेवीस? मग बरोबर. ते भुंकतंच." आणि स्टूल ओढून तो परातीशेजारी बसला.

त्याने सांगितले ते माझ्या शब्दांत असे. विमानाची चाके आत ओढायची, ब्रेक लावायचे, पंखांच्या मागच्या पाळ्या खाली सोडायच्या, शेपटीचे सुकाणू वळवायचे, ही कामे माणसाच्या मनगटाच्या बाहेरची आहेत. चार-पाचशे मैलांच्या वेगाने अंगावर येणाऱ्या वाऱ्यात दाराएवढी पाळी हलवून बघा! म्हणून ती तेलाकडून करून घेतात. फ्रान्समध्ये पास्कल नावाचा गृहस्थ होऊन गेला. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे त्याने मांडले. तो ग्रंथ तो वारल्यावर, १६६३ साली छापला गेला. पुढे १७९५ मध्ये इंग्लंडात जोसेफ ब्रामा या मूळच्या सुताराने त्यावरून दाबयंत्राचे पेटंट घेतले. इथे थोडे ढकलावे आणि तिथे पुष्कळ उचलले जावे, असा हा व्यवहार. विमानातले हे तेल साधारणपणे दर चौरस इंचाला ३००० पौंड दाबाखाली असते. मोटारीच्या टायरात तीस-पस्तीस असतो. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दोनशे किलोंहून अधिक वजन, म्हणजे धान्याची दोन मोठी पोती, असा हिशेब पडतो. एअरबस ३८० आणि बोइंग ७८७ मध्ये तर हा दाब ५००० पर्यंत नेला आहे, म्हणजे तेवढ्याच कामाला नळ्या आणि दट्टे बारीक पुरतात व वजन वाचते.

"आता हा दाब आणायचा कुठून?" असे म्हणून त्याने आईच्या हातातला सोऱ्या मागून घेतला.

"हा पंपच आहे, आजी. हे नळकांडं, हा पिस्टन."

"दट्ट्या," आई म्हणाली.

"दट्ट्या," मीही म्हणालो. त्या संध्याकाळी माझ्या विषयाला मिळालेला हा एकमेव मान.

एका सोऱ्याने काम भागत नाही. दट्ट्या मागे घेताना धार तुटते. म्हणून विमानाच्या पंपात बहुधा नऊ सोऱ्ये असतात, बंदुकीच्या गोळ्यांच्या चक्रीसारखे एका ठोकळ्यात गोल बसवलेले. विषम आकडा मुद्दाम : सम घेतला तर धारेला हिसके जास्त बसतात. हा ठोकळा विमानाच्या इंजिनाला जोडलेल्या दातेरी चाकांवर मिनिटाला हजारो फेरे घेतो. दट्ट्यांची टोके समोरच्या एका तबकडीवर टेकून घसरत जातात. ही तबकडी फिरत नाही. ती फक्त कलते. इथे त्याने पोळपाट उचलला. पोळपाट तिरका धरला आणि दट्टे त्यावरून गोल फिरू लागले, की जो दट्ट्या चढावर येतो तो आत ढकलला जातो आणि उतारावर आला की बाहेर येतो. मागच्या बाजूला काजूच्या आकाराच्या दोन खाचा आहेत. बाहेर येणारा दट्ट्या एका खाचेतून तेल ओढतो, आत जाणारा दुसऱ्या खाचेतून ते ढकलतो. नऊ जण पाळीपाळीने हेच करतात आणि धार अखंड राहते.

"आणि पोळपाट सरळ धरला तर?" आईने विचारले.

आमचा इंजिनियर क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. कारण साऱ्या यंत्राची मेख ती हीच. पोळपाट सरळ असेल तर चढ नाही आणि उतारही नाही. ठोकळा गरगर फिरत राहतो, दट्टे आपल्या जागी स्वस्थ, तेल शून्य. पोळपाट जितका कलेल तितका दट्ट्यांचा घोट मोठा. म्हणजे इंजिनाचा वेग तोच ठेवून तेल कमीजास्त करता येते. याला इंग्रजीत 'व्हेरिएबल डिस्प्लेसमेंट' म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत याचे 'चल विस्थापन' होईल. आणि ते ऐकून आपल्याला धरणग्रस्तच आठवतील. मी 'कमीजास्त घोटाचा पंप' असे सुचवून ठेवले आहे. कोणी स्वीकारील अशी आशा नाही. तिरक्या तबकडीची ही युक्ती विमानासाठी निघालेली नव्हे. जॅनी नावाच्या अमेरिकन इंजिनियराने विसाव्या शतकाच्या आरंभी ती युद्धनौकेवरच्या तोफा वळवण्याच्या कामी आणली.

पण हा पोळपाट कोण कलवतो? वैमानिक नव्हे. पंपाच्या कुशीत एक छोटी झडप असते, तिच्यामागे एक स्प्रिंग. बाहेर जाणाऱ्या तेलाचा दाब ३००० च्या घरात पोचला की तेच तेल स्प्रिंगला हटवून एका लहान दट्ट्यामागे शिरते आणि पोळपाट सरळ करू लागते. कोणी चाके वर घेतली, तेल खर्च झाले, दाब किंचित उतरला, की स्प्रिंग जिंकते आणि पोळपाट पुन्हा कलतो. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच हे घडते.

"परात भरली की मी हात थांबवते, तसं," आई म्हणाली.

"तसंच. नाहीतर काय होईल सांगतो." त्याने खिशातून पेन काढले आणि चकलीच्या कागदावर गणित केले. असा पंप मिनिटाला सुमारे १४० लिटर तेल देतो. तो घोट बदलत नसता, तर विमान नुसते सरळ उडत असताना, म्हणजे तेलाची गरज जवळजवळ नसताना, हे सगळे तेल ३००० च्या दाबावरून फुकट टाकीत सोडावे लागले असते. त्यात जाणारी शक्ती अठ्ठेचाळीस किलोवॉट भरते. ती सारी उष्णतेत. घरातले दोन किलोवॉटचे चोवीस गीझर एका बादलीभर तेलात तासन् तास चालू ठेवण्यासारखे! तेल जळून काळे पडेल, रबरी कड्या वितळतील आणि इंजिनाचे इंधन त्यापायी खर्ची पडेल ते वेगळेच.

या पंपाच्या आणखी दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक, त्याच्या आत थोडी गळती मुद्दाम ठेवलेली असते. दट्ट्यांच्या फटींतून झिरपलेले तेल सांधे ओले ठेवते, आतली उष्णता घेऊन परत टाकीकडे जाते. आणि जाता जाता एका गाळणीतून जाते. देखभाल करणारे ही गाळणी उघडून बघतात. तीत धातूची चकमक दिसली की पंपाचे आयुष्य सरत आले असे समजायचे. वैद्याने नाडी बघावी तसे. दुसरी, पंपाचा दांडा एका जागी जाणूनबुजून बारीक केलेला असतो. पंप अडकला, तर ही मान आधी मोडते, आणि इंजिनाकडची दातेरी चाके वाचतात. कुठे मोडायचे हे आधी ठरवून ठेवलेले.

तेल जांभळ्या रंगाचे असते आणि सहसा पेट घेत नाही, असे त्याने सांगितले. पण ते डोळ्यांत गेले तर माणूस नाचतो म्हणे. त्याने उजव्या मनगटावरचा लालसर पट्टा दाखवला. आईने लगेच खोबरेल आणले. असो.

आता मोटर. माझ्या डोक्यात मोटर म्हणजे विजेची. ही तेलाची. आणि तिची रचना? तीच! तोच ठोकळा, तेच नऊ दट्टे, तीच तिरकी तबकडी. फरक इतकाच की इथे दांडा फिरवून तेल ढकलायचे नसते. दाबाचे तेल आत सोडायचे. तेल दट्ट्याला बाहेर रेटते, दट्ट्याचे टोक तिरक्या तबकडीवर दाबले जाते, उतारावरून घसरू बघते, आणि घसरगुंडीवरच्या पोरांसारखे एकामागून एक घसरत ते अख्खा ठोकळा फिरवतात. बहुतेक मोटरींत तबकडी कायमची एकाच कलात ठेवलेली असते. पंपाने इंजिनाचे फिरणे तेलाच्या दाबात बदलले, मोटरीने तेलाचा दाब पुन्हा फिरण्यात बदलला. मधे कित्येक मीटर नळी, पाहिजे तशी वळवलेली.

पण नुसता ढकलणारा दट्ट्या असताना फिरणारी मोटर हवीच कशाला? उतरण्यापूर्वी पंखांच्या मागच्या पाळ्या खाली येतात ना, त्या दोन्ही बाजूंना काटेकोर सारख्या यायला हव्यात. डावी अधिक आणि उजवी कमी आली तर विमान कुशीवर वळेल. म्हणून मधोमध मोटरी ठेवून त्यांवर दोन्ही पंखांत जाणारे लांब दांडे फिरवतात आणि त्या दांड्यांवरच्या मळसूत्रांनी पाळ्या सरकतात. एकाच दांड्याला जखडलेल्या असल्यामुळे त्यांच्यात भांडण होत नाही. एअरबस ३२० मध्ये या कामाला दोन मोटरी असून दोघींना तेल वेगवेगळ्या घरचे. एक बंद पडली तर पाळ्या निम्म्या वेगाने उतरतात, पण उतरतात.

"वेगवेगळ्या घरचं म्हणजे?" आई.

इथे अखेर कुत्रे आले. ३२० मध्ये तेलाची तीन स्वतंत्र घरे आहेत : हिरवे, पिवळे, निळे. डाव्या इंजिनाचा पंप हिरव्या घराला, उजव्याचा पिवळ्याला. निळ्याला विजेचा पंप. समजा एक इंजिन चालू आहे आणि दुसरे अजून नाही. मग एका घरी दाब ३०००, शेजारी दुष्काळ. हा फरक ५०० च्या वर गेला की हिरव्या-पिवळ्याच्या मधे बसवलेले एक जोडयंत्र आपणहून जागे होते. त्यात दोन दट्टेयंत्रे एकाच दांड्याला पाठीला पाठ लावून जोडली आहेत. श्रीमंत घराचे तेल एकीला मोटर करून फिरवते. तिच्या दांड्यावर दुसरी पंप होऊन गरीब घराच्या तेलाला दाब देते. परिस्थिती उलटली तर भूमिकाही उलटतात. दुसऱ्या इंजिनाची सुरुवात होताना या यंत्राची आपोआप चाचणी होते, म्हणून विमान मागे सरकताना तो आवाज. आणि उतरल्यावर इंधन वाचवायला एक इंजिन बंद करून विमान रांगते, म्हणून पुन्हा. गरज थोडी असते. एका झटक्यात दाब भरतो, यंत्र थांबते, झिरपून दाब उतरतो, यंत्र पुन्हा धावते. ख्रँव्. थांब. ख्रँव्.

"म्हणजे या घरचं तेल त्या घरी जातं?"

"नाही आजी. थेंबही जात नाही. एकीकडे गळती लागली तर दोन्ही घरं रिकामी होतील ना. तेल ज्याचं त्याच्याकडे. मधल्या दांड्यातून जातात ते फक्त कष्ट."

आई बराच वेळ चकल्या पाडत राहिली. मग म्हणाली, "माझ्या दोन्ही बाळंतपणांत तुझी मावशी येऊन राबली. तिच्याकडे पैसा नव्हता; माझ्याकडेही नव्हता."

मग ती म्हणाली, "आणि दोन्ही इंजिनं बंद पडली तर?"

माझ्या मते या प्रश्नाला कोणीही सौजन्याने बगल दिली असती. आमच्या इंजिनियराने दिली नाही. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात असे झाले, त्याने सांगितले. बोइंग ७६७ मध्ये इंधन भरताना किलो आणि पौंड यांचा घोळ झाला आणि ४१,००० फुटांवर इंधन संपले. दोन्ही इंजिने थंड, त्यांचे पंप थंड. तेव्हा विमानाच्या पोटाखालून एक लहान पंखा बाहेर येऊन वाऱ्यावर फिरू लागला आणि त्यावर एक पंप चालला. तेवढ्या तेलावर कप्तान पिअर्सन यांनी ते अवजड विमान तरंगत गिमली या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. वेग कमी झाला तसा पंखा मंदावला आणि सुकाणू जड होत गेले; तरी विमानातली ६९ माणसे वाचली. ३२० मध्येही असा पंखा आहे. तो निळ्या घराला दाब देतो, आणि त्या दाबावर एक तेलाची मोटर फिरून जनित्र चालवते. वाऱ्यापासून तेल, तेलापासून वीज.

"आणि तेलच गेलं तर?"

तो थांबला. मग १९ जुलै १९८९ ची गोष्टही त्याने सांगितली. अमेरिकेत एका डीसी-१० चे शेपटीतले इंजिन फुटले आणि उडालेल्या तुकड्यांनी तिन्ही घरांच्या नळ्या कापल्या. तेल नाही म्हटल्यावर पंप आणि मोटरी म्हणजे नुसते लोखंड. कप्तान हेन्स आणि सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांची शक्ती कमीजास्त करत विमान सू सिटीपर्यंत आणले. २९६ पैकी १८४ माणसे वाचली, ११२ गेली. त्यानंतर त्या जातीच्या विमानांत अशी झडप बसवली की नळी तुटून तेल वाहू लागले तर ती वाट बंद करील आणि थोडे तेल शिल्लक ठेवील.

मी डोळ्यांनी त्याला खुणावत होतो की पुरे. पण आईच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तिने सोऱ्या पुसून फडताळात ठेवला, त्याला चकल्यांचा डबा भरून दिला आणि मला म्हणाली, "बघ. हा सगळं खरं सांगतो."

निबंधावरचा तो शेरा मी त्याच रात्री तोंडी मागे घेतला.

फाल्गुनात मावशीचे पुन्हा बिघडले. या वेळी छाती. फोन सकाळी आला आणि मला परीक्षेच्या पर्यवेक्षणातून दोन दिवस सुटका नव्हती. मी रेल्वेची चौकशी करू लागलो, तर आई म्हणाली, "विमानाचं काढ. एकीचंच." चाकांच्या खुर्चीची सोय करून मी तिला विमानतळाच्या दारात सोडले. वर्गात उत्तरपत्रिका वाटताना माझे लक्ष घड्याळाकडे होते.

दुपारी फोन आला. आवाज इस्पितळातला, दबका.

"पोचले रे. दोनदा भुंकलं. शेजारी एक कॉलेजातली मुलगी होती, फार घाबरली. तिला पोळपाटाचं सांगितलं. मावशी ओळखते अजून. हात धरून बसलेय. ठेवते."